मियाटाचा सुपरचार्जर उतरवून टर्बो बसवताना

माझ्याकडे १९९५ची माझदा मियाटा आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजनाने हजार किलोंच्या जरा वर, १.८ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन. कारखान्यातून निघाली तेव्हा तिची ताकद १२८ अश्वशक्ती होती. माझ्याकडे आली ती आधीच्या मालकाने लावलेला ईटनचा एम-४५ सुपरचार्जर घेऊनच, आणि मी बरीच वर्षं ती तशीच आनंदाने चालवली. गेल्या हिवाळ्यात तो उतरवून तिथे टर्बो बसवला. चांगला चालणारा सुपरचार्जर काढलाच कशाला, असं इथले, मिशिगनमधले, आणि पुण्यातलेही मित्र विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

कारण आहे उष्णता. ताकद हवी होतीच, पण ती दुय्यम.

दोन्ही यंत्रांचं काम एकच: इंजिन स्वतःहून जेवढी हवा ओढतं त्यापेक्षा जास्त हवा सिलिंडरमध्ये कोंबायची, म्हणजे तेवढं जास्त पेट्रोल जाळता येतं. सुपरचार्जर हे काम क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून आलेल्या पट्ट्याने करतो, टर्बो एक्झॉस्टच्या झोतावर. एम-४५ हा रूट्स जातीचा. शेजारच्या इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६० साली या रचनेचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालायला ती यंत्रं लागली. नावातला ४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घनइंच, साधारण पाऊण लिटर हवा. गंमत अशी की रूट्स ब्लोअर हवा स्वतःच्या पोटात दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो. ती दाबली जाते ती सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये आधीच दाटलेल्या हवेशी टक्कर होऊन, आणि या धसमुसळेपणात ती भरपूर तापते.

सायकलला हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, तोच प्रकार. आता आकडे मांडतो. बाहेर २५ अंश तापमान आणि ७ पीएसआय बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, धरा. शंभर टक्के कार्यक्षम यंत्र असतं तरी हवा ३५ अंशांनी तापली असती. ते पदार्थविज्ञान आहे, त्याला इलाज नाही. रूट्सची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर ही वाढ ६४ अंशांवर जाते, म्हणजे इंजिनात शिरणारी हवा ९०च्या घरात. टर्बोच्या कॉम्प्रेसरची ७२ टक्के धरली तर वाढ ४९ अंश, आणि मधे दाबलेली हवा निववणारा, ७० टक्के काम करणारा इंटरकूलर टाकला की हवा शिरते ४० अंशांनी. त्यातून माझ्या किटमध्ये ब्लोअर बसलेला होता एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बरोबर वर, इंटरकूलरशिवाय. शिवाय तो फिरवायला क्रँकवरून साधारण १२ अश्वशक्ती खर्ची पडते. टर्बोही काही फुकट फिरत नाही, एक्झॉस्टच्या वाटेत तो अडथळा आणतोच. पण जो झोत नाहीतर सायलेन्सरमधून वाया जाणार, त्यातलाच बराचसा वापरतो.

रस्त्यावर हे फारसं जाणवत नाही. जाणवतं ते ट्रॅकवर. जुलै महिन्यात वॉटरफर्ड हिल्सला पहिल्या काही फेऱ्यांत गाडी जशी झेपावायची तशी नंतर झेपावत नसे. हवा तापली की नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी आपोआप भडकण्याचा, धोका वाढतो, मग इग्निशन मागे घ्यावं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी लागते, मग ताकद पडते, आणि कामी न आलेली ऊर्जा एक्झॉस्टमध्ये उष्णता बनून पुन्हा त्याच ब्लोअरला भाजते. ब्लोअरला इंटरकूलर जोडण्याचे मार्ग आहेत, पण माझ्या रचनेत तिथे जागाच नव्हती, आणि लांब पाइप टाकले की ब्लोअरचा खरा गुण, म्हणजे पाय दाबताक्षणी मिळणारा जोर, तोच बोथट होतो. मग टर्बो का नको?

टर्बो निवडताना मी आधी आकडा ठरवला तो टॉर्कचा. या इंजिनाचे मूळचे, पिस्टन क्रँकला जोडणारे कनेक्टिंग रॉड अश्वशक्तीने वाकत नाहीत, कमी आरपीएमवर आलेल्या दणदणीत टॉर्कने वाकतात. पाच गिअरचा बॉक्सही टॉर्कलाच बिचकतो. म्हणून चाकांवर २५० न्यूटन-मीटर ही लक्ष्मणरेषा आखली आणि त्यात बसेल असा गॅरेटचा जीटी-२५६०आर घेतला. निसानच्या दोन लिटरच्या एसआर-२० इंजिनांवर याच कुळातले टर्बो असत, त्यामुळे १.८ लिटरला तो ना फार मोठा ना फार छोटा. बॉल बेअरिंगचा असल्याने लवकर फिरायला लागतो. यापेक्षा छोटा घेतला असता तर बूस्ट आणखी लवकर आला असता, पण नेमका तिथेच रॉडला मार बसतो. हे गणित न करता केवळ 'लवकर उठतो' म्हणून बारका टर्बो घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ब्लॉकच्या बाजूने बाहेर डोकावणारा रॉडही पाहिला आहे.

सुपरचार्जर उतरवणं एका दुपारचं काम. पट्टा, टेन्शनर, ब्रॅकेट, ब्लोअर, क्रँकची जादा पुली, वरून जाणारा पाइप. थ्रॉटल बॉडी आणि इनटेक मॅनिफोल्ड मूळच्या जागीच होते, त्यांना हात लावावा लागला नाही. आधीच्या मालकाने घातलेला मोठा पेट्रोल पंप, जाड रेडिएटर आणि दणकट क्लच कामाला आले. पण यादीत याहून लांब भाग होता तो सुपरचार्जरला कधीच न लागलेल्या गोष्टींचा. एम-४५मध्ये स्वतःचं बंदिस्त तेल असतं. इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही, पाण्याशी नाही, एक्झॉस्टशी नाही. टर्बोचा या तिन्हींशी आहे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा घेतला. नळ्या वळवून केलेले दिसायला सुंदर असतात, पण रस्त्यावरच्या गाडीत तापणं-निवणं सतत चालू असतं आणि वेल्डला तडे जातात. टर्बोतून एक्झॉस्ट खाली नेणारा डाउनपाईप मात्र बनवून घ्यावा लागला. डाव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीत टर्बोच्या खाली स्टिअरिंगचा दांडा येतो, त्याला चुकवून पाइप खाली न्यायचा. आमचा एक कोल्हापूरकर मित्र इथे टूलरूममध्ये काम करतो, टिग वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा मी अजून पाहिलेला नाही. मी तुकडे टेकवून दाखवले तर त्याने टॉर्च खाली ठेवला. "भावा, आधी इंजिन माउंटवर डुलू दे की. थंड असताना बोटभर गॅप दिसतीय, जोर दिल्यावर ऱ्हाईल का?" मग मी पहारीने इंजिन दोन्ही बाजूंना रेटून धरलं, त्याने खुणा केल्या, आणि पाइप नव्याने कापला. स्टेनलेस असल्याने आतून आर्गॉन सोडूनच वेल्ड केला. नाहीतर आतली बाजू जळून तिच्यावर पापुद्रे येतात. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठेवला. मिशिगनमध्ये गाड्यांची ठरावीक मुदतीची धूर-तपासणी नाही, पण तो काढणं केंद्राच्या कायद्यात बसत नाही आणि मलाही पटत नाही.

टर्बो आणि मॅनिफोल्डमधले स्टड हा मियाटावाल्यांचा जुना विषय. एक्झॉस्ट लालबुंद होतो, साधं पोलाद तेवढ्या तापमानाला लांबतं, नट सैल होतात, गॅस्केट फुंकते. इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूचे स्टड महाग आहेत, पण तापल्यावरही पकड सोडत नाहीत. पैसे वाचवायला गाडीत इतर पुष्कळ जागा आहेत, ही नव्हे.

आता तेल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि बेअरिंगला तेल सतत लागतं, पण बॉल बेअरिंगला ते बेतानेच लागतं. जास्त दाबाने आलं तर सीलमधून बाहेर पडून एक्झॉस्टला निळा धूर येतो. म्हणून तेलाच्या वाटेवर साधारण एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर बसवतात. तेल घ्यायचं ऑइल प्रेशर सेन्सरच्या जागेवरून. इथे एक बारकावा आहे जो कुठल्याही जपानी गाडीवर उपयोगी पडेल: त्या भोकाला १/८ इंची बीएसपीटी आटे असतात, इंचाला २८. अमेरिकेत कुठल्याही दुकानात मिळणारं फिटिंग एनपीटीचं, इंचाला २७. हाताने दोन-तीन फेरे ते छान जातं, बसलं असंच वाटतं. पुढे पान्याने आवळलं की आटे एकमेकांना खातात आणि तेल पाझरतं. योग्य अडॅप्टर मागवून घेतला आणि सेन्सरसकट टी-जोड विणलेल्या होजने इंजिनपासून दूर, बॉडीवर टांगला. पितळी टी थेट ब्लॉकवर ठेवला तर कंपनांनी त्याच्या मानेला चीर जाते.

परतीचं तेल ही अधिक जोखमीची बाजू. टर्बोतून बाहेर पडणारं तेल फेसाळलेलं असतं, त्याला दाब नसतो, ते फक्त उतारावरून घरंगळतं. पाइप किमान अर्धा इंच आतून मोकळा हवा, उभ्या रेषेपासून ३५ अंशांहून जास्त कललेला नको, मधे कुठे पोट पडलेलं नको, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, तो तेलाच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. म्हणजे चेंबरला भोक पाडून आटे पाडणं आलं. चेंबर उतरवायचा तर पुढचा सबफ्रेम खाली घ्यावा लागतो, म्हणून ते गाडीखाली झोपूनच केलं. ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचा ग्रीसने भरायच्या, थोडं फिरवायचं, काढायचं, कीस पुसायचा, पुन्हा ग्रीस. चेंबर ॲल्युमिनियमचा, त्यामुळे कीस चुंबकाला लागत नाही. जो काही ग्रीसमध्ये अडकेल तोच बाहेर. शेवटी वरून स्वस्तातलं तेल ओतून ड्रेनमधून वाहू दिलं, ते पांढऱ्या फडक्यातून गाळलं, आणि फडकं स्वच्छ निघेपर्यंत तेच चालू ठेवलं. या कामात घाई करू नये असं मी कळकळीने सांगेन. तेलाच्या पंपापर्यंत गेलेला एक तुकडा सगळं इंजिन मागून घेतो.

टर्बोला पाणीही लागतं, आणि ते चालू गाडीपेक्षा बंद गाडीत जास्त. भारतात सुमो-स्कॉर्पिओवाले ड्रायव्हर सांगतात ना, "साहेब, टर्बो आहे, लगेच बंद करू नका", त्यामागे हेच कारण. इंजिन थांबलं की तेल थांबतं, पण टर्बाइनच्या बाजूची उष्णता बेअरिंगकडे सरकत राहते आणि तिथलं तेल जळून कोळसा होतं. पाण्याची वाट टर्बोपासून चढती ठेवली तर गरम पाणी आपोआप वर सरकतं, गार पाणी खालून येतं, आणि पंप बंद असतानाही बेअरिंग निवत राहतं. म्हणून होज कुठून कुठे जाणार हे मी बोल्ट आवळण्याआधी पुन्हा पुन्हा तपासलं.

याहून मोठं पाण्याचं काम हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या वरच्या भागाच्या, मागे होतं. मियाटाचं इंजिन मुळात पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या माझदाच्या छोट्या गाड्यांच्या कुळातलं, तिथे ते आडवं बसतं. त्या रचनेत पाणी इंजिनच्या पुढच्या टोकाला शिरतं आणि हेडच्या मागच्या टोकातून बाहेर पडतं, म्हणजे चारही सिलिंडरमधून जातं. मियाटात ते उभं बसवताना मागे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत, आली, म्हणून रेडिएटरची वाट उघडणारा थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला आणला. पाणी पुढूनच शिरतं, पुढूनच निघतं, आणि मागच्या सिलिंडरांच्या वाट्याला कमी येतं. १२८ अश्वशक्तीला हे चालून जातं. टर्बो लावून ट्रॅकवर न्यायची असेल तर नाही. उपाय असा की बाहेर पडण्याची वाट पुन्हा मागे न्यायची. त्यासाठी लागणारं थर्मोस्टॅटचं घर पहिल्या पिढीच्या किआ स्पोर्टेजवरून मिळतं, कारण तिचं दोन लिटरचं इंजिन माझदाचीच देणगी. भंगारच्या यार्डात एक गंजलेली स्पोर्टेज सापडली, तिचं घर काढलं, वायर ब्रशने घासलं, मधे एक स्पेसर घातला, मागून पुढे रेडिएटरपर्यंत होज ओढला. सगळ्या प्रकल्पात सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त गुण आलेलं काम हेच, असं माझं ठाम मत आहे. टर्बो न लावताही करावं.

इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच कोमट होते. त्यामुळे तोंडातून शिरलेली प्रत्येक फुंकर इंटरकूलर आणि रेडिएटरमधूनच गेली पाहिजे, बाजूने निसटता कामा नये. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून आणि फोमने फटी बुजवून पुढचा सगळा भाग बंदिस्त केला. गाडीच्या खालची प्लास्टिकची थाळी परत लावली. ती अनेकजण तेल बदलताना काढतात आणि विसरतात, पण रेडिएटरच्या मागे हवेचा ओढा तीच निर्माण करते.

पेट्रोल आणि स्पार्क. जुन्या रचनेत मूळचा संगणक तसाच होता आणि बूस्ट आला की पेट्रोलचा दाब वाढवणारा एक रेग्युलेटर होता. कमी बूस्टला ते निभावतं. मी मेगास्क्वर्ट बसवला. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी हौशी लोकांना स्वतः जोडता यावा म्हणून घडवलेला हा संगणक, आणि माझ्यासारख्याला आवडण्याचं कारण म्हणजे त्यात काहीच झाकलेलं नाही. मॅनिफोल्डचा दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून किती पेट्रोल द्यायचं ते ठरतं. हवा मोजणारं मूळचं मीटर त्यामुळे निघालं. इंजेक्टरचा हिशेब सोपा: क्रँकवर २२० अश्वशक्ती धरली, दर अश्वशक्तीला तासाला ०.६ पौंड पेट्रोल, म्हणजे १३२ पौंड. चारांत वाटलं आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांवर उघडू दिला तर प्रत्येकी मिनिटाला ४०० सीसीच्या जरा वर. मी ५५० सीसीचे घेतले. स्पार्क प्लग एनजीकेचे ७ क्रमांकाचे, म्हणजे मूळच्यापेक्षा थंड, आणि गॅप कमी करून ०.८ मिलिमीटर.

ट्यूनिंग हा मला सगळ्यांत आवडलेला भाग. आधी बूस्ट न आणता, साध्या ड्रायव्हिंगमध्ये टेबल भरलं. मित्र गाडी चालवतोय, मी शेजारी लॅपटॉप घेऊन, एक्झॉस्टमधल्या, हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणाऱ्या वाइडबँड सेन्सरवर नजर. क्रूझला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७च्या आसपास. बूस्टमध्ये ११.५ ते ११.८, कारण जादा पेट्रोल आतला जाळ थोडा निववतं. इग्निशन सुरुवातीला मुद्दाम बरंच मागे ठेवलं. त्या सालच्या मियाटाला नॉक सेन्सर नाही, म्हणून कान वापरले: तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून ब्लॉकला बोल्टने घट्ट केलं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती फायरवॉलमधून आत आणून कारखान्यात वापरतात तसल्या कानटोपांना जोडली. इंजिनचा नेहमीचा खळखळाट आणि नॉकिंगची कोरडी टिकटिक यांतला फरक एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही. डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, इग्निशन अर्धा-अर्धा अंश पुढे सरकवत गेलो. जिथे पुढे सरकवूनही टॉर्क वाढेना, तिथे थांबून थोडा मागे आलो. नॉक ऐकू येईपर्यंत ताणायची गरज पडली नाही, आणि ९३ ऑक्टेनच्या पंपावरच्या पेट्रोलवर तसं ताणूही नये.

एका गोष्टीवर लक्ष ठेवावं लागलं. वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप. तिचं भोक पुरेसं मोठं नसेल तर वरच्या आरपीएमला ती पूर्ण उघडूनही बूस्ट चढत राहतो. हे थंडीत जास्त होतं, कारण गार हवा घट्ट. मार्चमधल्या थंड सकाळी ठरवलेल्या ९ पीएसआयच्या वर आकडा सरकताना दिसला, म्हणून टर्बाइन हाउसिंग उतरवून वेस्टगेटचं भोक ग्राइंडरने रुंद केलं, आणि संगणकात १२ला पेट्रोल तोडायची मर्यादा घातली. ती मर्यादा मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी घालायला सांगतो.

निकाल असा: सुपरचार्जरवर याच डायनोवर चाकांवर १४५ अश्वशक्ती होती. आता ९ पीएसआयवर १९५, टॉर्क २४५ न्यूटन-मीटर. पण मला जास्त समाधान दुसऱ्या आकड्याचं आहे. गेल्या जुलैत ट्रॅकवर, बाहेर तीस अंश असताना, इंजिनात जाणारी हवा पूर्ण सेशनभर पन्नाशीच्या आत राहिली, पाण्याचा काटा हलला नाही, आणि शेवटच्या फेरीत सरळ रस्त्याच्या टोकाला वेग पहिल्या फेरीइतकाच होता.

गमावलं ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. ब्लोअर दोन हजार आरपीएमलाही पाय ठेवताक्षणी ओढायचा. टर्बो तीन हजारांच्या पुढे जागा होतो. गावातल्या चौकातून निघताना जुनी गाडी जास्त तरतरीत होती, आणि ब्लोअरची ती शिट्टी मला आवडायची. ज्याला ट्रॅकवर जायचं नाही, नुसतं रविवारी घाटातल्यासारख्या वळणांवर फिरायचं आहे, त्याने सुपरचार्जर काढू नये असंच मी म्हणेन. ट्रॅकच्या लांब सेशनला मात्र माझ्या गाडीला टर्बोच हवा होता.

सध्या बूस्ट ९वरच ठेवला आहे. टर्बोत अजून पुष्कळ दम आहे, इंजेक्टरमध्येही आहे, पण रॉड आणि गिअरबॉक्स तेच जुने आहेत. तिसऱ्या गिअरला चढावर पूर्ण पाय दाबल्यावर बॉक्समधून बारीक घरघर येते, म्हणून येत्या हिवाळ्यात नंतरच्या मियाटांमध्ये येणारा सहा गिअरचा बॉक्स शोधून बसवणार. तो बसला, पुढे कधी इंजिन उघडून फोर्ज्ड रॉड घातले, की मगच बूस्टच्या कंट्रोलरला हात लावीन.